तात्यांच्या कॅनला डिग्री

दर वर्षी ईस्टरच्या आधी मी फादरांपुढे गुडघे टेकतो आणि वर्षभराची पापं सांगतो. बायकोला टाकून बोललो, सरकारी साहेबाला थाप मारली, लग्नात एकदोनदा घेतली. आवाज न चोरता सांगतो. एक गोष्ट मात्र आजवर एकाही फादरांना सांगितली नाही. बायकोला नाही, आणि प्रार्थनेत देवालाही नाही. त्याला ठाऊकच आहे, मग सांगायचं कशाला, असं म्हणून मी ती पुढे ढकलत आलो. आज तुम्हाला सांगतो. तुम्ही माझे कोण? कोणी नाही. म्हणूनच सांगता येईल, असं वाटतं.

आधी मी कोण ते ऐका. आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावात मला सायमन म्हणून हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. लहानथोर सगळे मला चेअरमन म्हणतात. दूध संस्थेची चेअरमनकी मी बरीच वर्षं केली आणि चांगली केली — हे मी छाती पुढे काढूनच सांगणार. दुष्काळात तहसीलदाराच्या दारात ठाण मांडून जनावरांची छावणी मीच आणली. देवळावरचे गंजलेले पत्रे माझ्याच काळात बदलले. मी रडका माणूस नव्हे, आणि पुढे जे सांगणार आहे तेही रडून सांगणार नाही. रडलं की ऐकणारा पाठीवर हात ठेवतो. तो हात मला नको आहे.

आमचं देऊळ म्हणजे चर्च. आम्ही देऊळच म्हणतो. आमच्या आजोबांच्या वेळी फादर घोड्यावर यायचे आणि लिंबाखाली मिस्सा, म्हणजे आमची उपासना, व्हायची, म्हणतात. मग बोर्डिंग आलं, विहीर आली, घंटा आली. पण आमची माणसं बहुतेक बिनजमिनीची. दिवाळी झाली की अर्धी आळी कोयते घेऊन साखर कारखान्याला ऊस तोडायला जायची. नाताळला देवळात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं, एवढीच. गाणं म्हणायला धड गळे मिळायचे नाहीत. माणसं परतायची ती ईस्टरच्या तोंडावर, आणि झावळ्यांच्या रविवारी आमचं देऊळ खऱ्या अर्थाने भरायचं. त्या रविवारी शिंदीच्या झावळ्या घेऊन मिरवणूक निघायची आणि पुढे क्रूस धरून चालायचे याकोबतात्या.

याकोबतात्यांशिवाय ही गोष्ट नाही. आळीचे पंच. उंच, सडसडीत माणूस. बोलणं कमी, पण शब्द पक्का. गावातले जमीनदारसुद्धा त्यांना तात्याच म्हणायचे. आधीच्या फादरांच्या खटपटीने आमच्या लोकांना कर्जावर गाई मिळाल्या आणि गावाच्या दूध संस्थेत आम्ही सभासद झालो, तेव्हा दारोदार फिरून लोकांना तयार केलं ते तात्यांनी. मलाही त्यांनीच सेक्रेटरी केलं. "सायमन, तू शिकलेला हाईस, तू संबाळ," म्हणाले. मला ते अरे-तुरे करायचे. मला ते आवडायचं.

दूध घेताना आम्ही त्यात काचेची नळी सोडून बघतो. दुधात पाणी असलं की नळी खोल जाते. तिला आमच्याकडे डिग्री म्हणतात. सगळ्यांच्या दुधाला डिग्री लागायची, फक्त तात्यांच्या कॅनला नाही. असा काही ठराव नव्हता. तात्यांचं दूध बघायचं नाही, ही रीतच पडून गेली होती. आलं ध्यानात? मग पुढे चला.

त्या साली पावसाने दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती. कडबा मिळेना, गाई आटल्या. त्यातच आमच्याकडे केरळचे फादर मॅथ्यू आले. देवमाणूस, पण मराठी पुस्तकातली. आमच्या म्हाताऱ्यांचं बोलणं त्यांना अर्धंही कळायचं नाही. ईस्टरच्या आधी तर सगळ्यांचं पापनिवेदन. एकेकाने फादरांच्या कानात पापं सांगायची आणि माफी घ्यायची. आता कानालाच कळत नसेल तर करायचं काय? मी नगरच्या बोर्डिंगात इंग्रजी शिकलेला. तेव्हा फादर खुर्चीवर, म्हातारं माणूस गुडघ्यावर आणि मधे भिंतीकडे तोंड करून स्टुलावर मी, अशी व्यवस्था झाली. त्याआधी फादरांनी बायबलवर हात ठेवायला लावून माझ्याकडून शपथ घेतली. इथलं इथेच मरायला हवं. म्हणाले, सायमन, तू नळ आहेस. नळातून पाणी जातं, नळ पाणी पीत नाही.

काही दिवस मी खरंच नळ होतो. काय काय ऐकलं! बहुतेक पापं तर हसण्यासारखी होती — सुनेच्या भाकरीला नाव ठेवलं, शेजारणीची कोंबडी हाकलली. मी भिंतीकडे बघून सांगायचो, फादरांचं उत्तर मराठीत परत द्यायचो आणि बाहेर पडल्यावर विसरून जायचो. अगदी विसरून जायचो, खोटं कशाला सांगू?

मग झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, तात्या आले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. सोमवारी संस्थेची सभा होती. जुने चेअरमन पायउतार होणार होते आणि खुर्ची पहिल्यांदाच आमच्या आळीला मिळणार, असं गावात ठरत आलं होतं. मिळणार कोणाला, हा प्रश्नच नव्हता. तात्यांना. ती खुर्ची मला हवी होती. इतकी हवी होती की रात्री अंथरुणात पडल्यापडल्या मी सभेतलं भाषण पाठ करायचो. पण तात्या असताना माझं नाव कोण घेणार?

तात्या गुडघ्यावर बसले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही, जणू मी तिथे नव्हतोच. मग म्हणाले, "लेक उसाहून आलीया, अंगावर दूध न्हाई तिच्या. तिच्या लेकरासाठी तांब्याभर दूध काढून ठिवतो अन् तेवडंच पानी कॅनात घालतो. लोकाला ग्यान सांगतो अन् मीच आसं करतो. सोमवारी सबंत उबा ऱ्हाऊन समद्यांम्होरं सांगणार हाय मी. फादरला इचार, तवर काय करू?"

मी ते फादरांना सांगितलं. नीट सांगितलं, शब्दाला शब्द. फादरांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, लेकराला दूध द्या, त्यात पाप नाही. पाणी मात्र आज संध्याकाळपासून घालू नका, दूध कमी भरलं तर कमी भरू द्या. आणि सोमवारी सभेत सांगा, मी तुमच्या शेजारी उभा राहीन.

इथे थांबतो जरा — पाणी पिऊन घेतो.

तुम्हाला वाटलं असेल, ऐकलेलं गुपित मी बाहेर फोडलं आणि तेच माझं पाप. तेवढंच असतं तर मी ते कधीच सांगून मोकळा झालो असतो. मी जे केलं ते त्याच जागी, स्टुलावर बसल्याबसल्या केलं. माझं डोकं त्या क्षणी फार भरभर चाललं. सोमवारी हा माणूस स्वतः उभा राहून चूक सांगणार, फादर शेजारी उभे राहणार, बायका डोळ्यांना पदर लावणार, आणि लोक त्याला दुप्पट मानाने खुर्चीवर बसवणार. हे मला लख्ख दिसलं. मी तात्यांकडे वळलो आणि म्हणालो, "फादर म्हणतात, सोमवारपर्यंत चालतंय तसं चालू द्या. एकदम दूध कमी केलं तर लोक भलतंच बोलतील. मग सभेत सांगा."

तात्यांनी मान डोलावली. फादरांना वाटलं, त्यांचं म्हणणं तात्यांनी मान्य केलं. फादरांनी हात उचलून क्षमा दिली. तात्या क्रूस करून उठले आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले.

त्याच संध्याकाळी संस्थेच्या ओट्यावर रांग लागली. मी मोठ्याने जाहीर केलं की आजपासून लहानमोठा भेद नाही, प्रत्येकाच्या दुधाला डिग्री लागणार, आणि सुरुवात माझ्यापासून. माझ्या कॅनमध्ये नळी सोडली. ती हवी तिथे थांबली. लोकांनी माना हलवल्या. मग मी तात्यांच्या कॅनकडे वळलो.

नळी खाली गेली. मागून एकजण ओरडला, "डिग्रीच खराब आसंल बे, परत लाव!" मी नळी पुसली, परत लावली. परत खाली. तात्यांनी नळीकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे पाहत होते. ‘फादरांनीच चालू द्या म्हटलं’, एवढे चार शब्द तात्यांनी उच्चारले असते तरी सगळं उलटलं असतं. नाही उच्चारले. सगळ्या गावासमोर फादरांवर बोट येईल, म्हणून ते तोंड मिटून उभे राहिले. शपथ मी घेतली होती आणि पाळली त्यांनी. दूध परत झालं. कॅन उचलून ते घराकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत क्रूस धरायला कोणी नव्हतं. कोणीतरी तो माझ्या हातात दिला. मी घेतला. सोमवारी सभेत तात्या आले नाहीत. न्यायाचा माणूस, स्वतःच्या पंचालाही सोडत नाही, अशी माझी वाहवा झाली आणि मी एकमताने चेअरमन झालो.

फादर मॅथ्यूंना काय वाटलं असेल? क्षमा घेऊन गेलेला माणूस त्याच संध्याकाळी पाणी घालताना सापडला — त्यांच्या मनातून तात्या उतरले. विचारायची सोय नाही, कारण पापनिवेदनातली गोष्ट फादर मरेपर्यंत कोणापाशी काढू शकत नाहीत, ज्याची त्याच्यापाशीसुद्धा नाही. त्यानंतर त्यांनी मला स्टुलावर बसवलं नाही. आता माझं मी बघेन, म्हणाले. मी गावात सांगितलं, फादरांना मराठी यायला लागली. त्यांना संशय आला होता का, मला माहीत नाही. आला असेल तर तो घेऊन ते केरळला परत गेले.

तात्या दर रविवारी देवळात यायचे. शेवटच्या रांगेत बसायचे. ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठायचे नाहीत आणि पापनिवेदनाला तर नाहीच. फादर आले, फादर गेले, काहींची मराठी आपल्यासारखी स्वच्छ होती, तरी नाही. लोक म्हणायचे, पाण्याच्या दुधाची लाज वाटते म्हाताऱ्याला. मला खरं कारण ठाऊक होतं. त्यांना वाटत होतं, फादर आणि मी एक झालो. आधी फादरांनी चालू द्या म्हणायचं, मग फादरांच्या माणसाने चव्हाट्यावर पकडायचं. ज्याच्या कानात पाप सांगायचं त्यानेच फास टाकला, तर माणसाने परत गुडघे टेकायचे कुठे?

आणि मला तो फास एका वाक्यात सोडवता आला असता. फादर तसं म्हणाले नव्हते. एवढंच. रस्त्यात, छावणीत, लग्नाच्या पंगतीत तात्या मला कितीदा भेटले. मला ते आता चेअरमन म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. दर भेटीला ते वाक्य माझ्या जिभेवर यायचं. मी पाऊसपाणी विचारून पुढे जायचो. सभेत तासभर बोलणारा मी, तीन-चार शब्द बोललो नाही. लेकीचं ते लेकरू मोठं झालं. माझ्याच काळात मी त्याला संस्थेत चिकटवलं आणि त्याबद्दल तात्यांनी मला हात जोडले. ते हात जोडलेलेही मी पाहिले.

गेल्या उन्हाळ्यात तात्या अंथरुणाला खिळले. लेकीने निरोप धाडला, फादरांना घेऊन या. आमचे आताचे फादर नगरकडचे आहेत, तरुण, बोली जाणणारे. मीच त्यांना गाडीवर बसवून नेलं. तात्यांचा हाडांचा सापळा झाला होता, पण नजर तीच. फादरांनी पापनिवेदनाच्या वेळचा पट्टा गळ्यात घातला, बाजेशेजारी बसले आणि विचारलं, "तात्या, कबुली द्यायची ना?" तात्या हो म्हणाले. मी सवयीने खोलीच्या कोपऱ्यात उभा होतो. तात्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"चेअरमन," म्हणाले, "तुमी भाईर थांबा."

आवाजात राग नव्हता. दूधवाल्याला जरा थांबा म्हणावं, तसं म्हणाले. फादर तसं म्हणाले नव्हते — वाक्य अगदी ओठांवर होतं. तात्या जिवंत होते, शुद्धीवर होते, ऐकत होते. मी बाहेर आलो आणि माझ्या मागे दार ओढून घेतलं.