उन्हाळ्यातली घट

दिपमाला तायडे धुळ्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होत्या. वरणगावच्या कारखान्यातल्या कामगाराची ही मुलगी. वीस वर्षं त्या वैश्विक किरणांवर काम करत होत्या. हे किरण अंतराळातून येऊन हवेवर आदळले, की म्युऑन नावाचे बारीक कण जमिनीपर्यंत पोचतात. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत यंत्र ठेवून बाईंनी ते कण वर्षानुवर्षं मोजले होते. कडक उन्हाळ्यात म्युऑन चार टक्क्यांनी घटतात, असा त्यांचा निबंध अकरा वर्षांपूर्वी छापून आला. कुणाच्याच हिशेबात न बसणारी ही घट पाहून जगभरातल्या संशोधकांनी त्या निबंधाचा आधार घेतला. एकशे अठ्ठ्याऐंशी वेळा. बाईंच्या बाकी सगळ्या निबंधांचे मिळून संदर्भ पन्नासही नव्हते.

प्राध्यापकपदाची मुलाखत जळगावला मे महिन्यातल्या एका गुरुवारी होती. नऊ वर्षांनी जागा निघाली होती, आणि अर्जात एकशे अठ्ठ्याऐंशीचा हा आकडा सगळ्यात वर होता.

त्या एप्रिलात यंत्राच्या खोलीला एसी बसला. मेच्या मध्यावर बाईंनी आलेख काढला, तर बाहेर पंचेचाळीस अंश असूनही घट जेमतेम दीड टक्का. त्यांनी आकडेमोड पुन्हा केली. आकडा तोच आला. म्हणजे इतकी वर्षं कण कमी येत नव्हते, तापलेलं यंत्रच ते कमी मोजत होतं?

सोमवारी सकाळी त्यांनी प्रयोगशाळेतल्या वनाभाऊंना बोलावलं. वनाभाऊ निवृत्तीला टेकलेले. यंत्राचा प्रत्येक स्क्रू त्यांच्या हातचा.

"भाऊ, एसी बंद करून इथे हिटर लावायचाय. खोली शेहेचाळीसवर न्यायची."

"मे महिन्यात हिटर?" वनाभाऊंनी विचारलं, पण तोवर ते उठलेही होते.

गार खोलीत तासाला अठरा हजारांच्या आसपास कण मोजले जात होते. खोली तापली तशी दोघं दारात उभी राहून पडद्याकडे बघू लागली. बाहेरची हवा तीच, आकाश तेच. आकडा हलला नाही तर यंत्र निर्दोष. पहिला तास संपत आला तेव्हा बाईंना चष्मा पुसायचंही भान नव्हतं.

"मॅडम," वनाभाऊ हळूच म्हणाले, "आकडा उतरी ऱ्हायना."

तो सतरा हजार पाचशे साठवर उतरला होता. खोली गार केली तर पुन्हा अठरा हजारांजवळ. मंगळवारी दोनदा तापवली, दोन्हीदा आकडा खाली आला. निबंधात तापमानाची दुरुस्ती बाईंनी केली होती, पण यंत्र बनवणाऱ्यांनी दिलेलं कोष्टक चाळीस अंशांपर्यंतचंच होतं. त्यापुढेही तेच लागू पडेल, असं त्या धरून चालल्या होत्या.

विभागप्रमुख प्रेमराज सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटलं.

"गुरुवार होऊ द्या. दुरुस्तीचं पत्र शुक्रवारी पाठवा. अकरा वर्षं थांबलंय, तीन दिवसांनी काय बिघडतं?"

"सर, अर्जावर सही माझी आहे."

"जागा पुन्हा कधी निघेल, माहीत आहे का? मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

ते खरंच भल्याचं सांगत होते, हे बाईंना कळत होतं. तरी लोटलेलं दार उघडून त्या बाहेर पडल्या. बुधवारी त्यांनी निबंध छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना चूक कळवणारं पत्र लिहिलं. चार ओळींचं पत्र, पण दुपार गेली. पाठवताना बोट दोनदा मागे आलं. मग एकदाचं त्यांनी बटण दाबलं आणि पत्राची प्रत गुरुवारच्या फायलीत लावली.

मुलाखतीला पाच जण बसले होते. फाईल बाईंनी स्वतःहून पुढे केली. अध्यक्षांनी ती शांतपणे वाचली.

"म्हणजे हे एकशे अठ्ठ्याऐंशी संदर्भ चुकीच्या निबंधाला आहेत?"

"दीड टक्क्याची घट खरी आहे. बाकीची माझ्या यंत्राची."

"मग आम्ही यातलं काय धरायचं?"

"ते तुम्ही ठरवा, सर. मला जे माहीत आहे ते लपवून इथे बसता आलं नसतं."

पुढचे प्रश्न लवकर आटोपले. एरंडोलपर्यंत परतीच्या बसमध्ये बाईंनी खिडकीबाहेर नजर लावली, पण दिसत काहीच नव्हतं. दहा दिवसांनी निकाल लागला. जागा दुसऱ्यांना मिळाली. प्रेमराज सर महिनाभर कामापुरतंच बोलले.

दुरुस्ती ऑक्टोबरात छापून आली. आठवड्यात परदेशातल्या एका गटाचं तुटक पत्र आलं. बाईंचा आकडा धरल्यामुळे त्यांचं गणित दोन वर्षं जुळत नव्हतं. पत्रात राग होता, आणि शेवटी हिटरच्या प्रयोगाचे ताशी आकडे मागितले होते. बाईंनी सगळे पाठवले. वनाभाऊंचं नाव त्यांनी आभारात घातलं.

त्या रविवारी त्या वरणगावला गेल्या. आबांनी, त्यांच्या वडिलांनी, सगळं विचारून घेतलं.

"लोकांनी नावं ठेवली असतील ना?"

"ठेवली. एकाने तर फार कडक लिहिलं."

"आणि आता यंत्र?"

"आता बरोबर मोजतंय, आबा," बाई म्हणाल्या. बोलता बोलता कितीतरी दिवसांनी त्या मनसोक्त रडल्या.