खटके पक्के बसवले

“अवो, उघडा की ती पेटी! मुहूर्त निघून चाललाय!”

माझी बायको मालन मोहोळच्या भर मांडवात ओरडत होती आणि मी मांडवात आणलेल्या मोटरसायकलच्या पत्र्याच्या पेटीला मिठी मारून बसलो होतो. पेटीत माझ्या धाकट्या भावाच्या साखरपुड्याचा शालू होता, साखरेचा पुडाही होता. पेटी उघडत नव्हती.

कारण मी. (आमच्या घरात कशालाही कारण मीच असतो, पण या खेपेस पुरावाही होता.)

मी सोलापुरी चादरींचा फिरता विक्रेता. मोटरसायकलच्या दोन्ही अंगांना एकेक पेटी, पेटीत चादरींचे नमुने. पेट्यांचे खटके झिजून इतके गुळगुळीत झाले होते की लांबून खड्डा दिसला तरी झाकण उघडायचं. खड्ड्यात जायची गरज नसे! एकदा अकलूजच्या वाटेवर एक चादर उडून म्हशीच्या शिंगात अडकली. म्हैस ती पांघरून उसात शिरली. मी चादरींच्या मालकाला सांगितलं, गिऱ्हाईक माल घेऊन गेलं, परत आलं नाही.

म्हणून साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मालन म्हणाली, “एवढे खटके तरी लोहाराकडनं करून आणा.”

“लोहार कशाला? मी मेलोय काय?”

“तुमच्या हाताला यश न्हाय, म्हणून म्हणते.”

झालं! मी हातोडी घेतली. खटक्यांच्या जिभा वाकवल्या, ठोकल्या, पुन्हा ठोकल्या. शालू आणि साखरेचा पुडा आत ठेवून झाकण दाबलं. ‘खट्!’ असा दणका झाला की दारातलं कुत्रं उठून दुसऱ्या गल्लीत राहायला गेलं. मी पेटी उलटी केली, गदागदा हलवली, तिच्यावर उभा राहिलो. उघडली नाही! घरादाराला बोलावून दाखवलं. (उघडायची म्हटली तर उघडते का, हे बघायचं कुणालाच सुचलं नाही. पेटी उघडत नाही अशी तक्रार आजवर कधी नव्हतीच की!)

दुसऱ्या दिवशी मंडळी एस.टी.नं गेली, आम्ही दोघं पेटी गाडीला आवळून मोटरसायकलवर. मोहोळपर्यंत एकही खड्डा मी चुकवला नाही. मागं मालन कण्हत होती, पेटी मात्र गप्प.

आणि आता मांडवात पाट मांडलेला. आमच्याकडचा शालू नेसून नवरी येणार, मगच ती पाटावर बसणार. नवरीचे मामा पहार घेऊन आले.

“सरा पाव्हणं, एका दणक्यात उघडतो.”

“नको!” माझी आई किंचाळली. “आतला शालू फाटंल!”

चार गडी झाकणाला लोंबकळले. झाकणाऐवजी मोटरसायकल आडवी झाली, तिच्याखाली मी. शेवटी भटजी कंटाळून म्हणाले, “शालू आतच आहे ना? मग पेटीलाच हळदकुंकू लावा.”

लावलं! मी उताणा पडल्या पडल्याच पेटीला हळदकुंकू लागलेलं पाहिलं. एवढ्यात नवरीची आत्या कडाडली, “आणि पोरगी काय पेटी नेसणार? शालू न्हाय तर सोयरीक न्हाय. उठा!”

भावाचं तोंड चादर उसवल्यासारखं झालं.

तेव्हा मालन उठून आत गेली. थोड्या वेळानं नवरी बाहेर आली, ती मालनचं नवंकोरं इरकल नेसून. दिवाळीला घेतलेलं, साखरपुड्यासाठीच पहिल्यांदा घडी मोडलेलं! मागनं मालन आली, विहीणबाईंचं विटकं, गुडघ्यावर ठिगळ लावलेलं लुगडं नेसून. साखर त्यांच्याच डब्यातली आली. आत्यानं दोनदा नाक मुरडलं, पण साखरपुडा झाला.

संध्याकाळी आम्ही परत निघालो. माझे दहाही हात दुखत होते. (दोनच होते, पण दुखत दहा होते.) मोहोळची शेवटची घरं मागं गेली. रस्ता कधी नव्हे तो सपाट होता. ना खड्डा, ना दगड.

मी फक्त शिंकलो.

‘खट्!’

झाकण वर झालं, साखर सांडली आणि शालू फडफडत थेट बाभळीवर जाऊन बसला.

“मालन!” मी गाडी थांबवून आनंदानं ओरडलो. “उघडली! बघ, माझ्या हाताला यश न्हाय म्हणतीस!”

मालननं बाभळीकडं बघितलं. मग गुडघ्यावरच्या ठिगळाकडं. मग माझ्याकडं.

“मोहोळ मागं राह्यलं,” ती म्हणाली.