सुखदेवचे पाय

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण ही गोष्ट स्मशानातली आहे. आणि तिच्यातला गाढव मीच आहे. दुसरा कोणी शोधत बसू नका.

वरवट बकालला माझं फॅब्रिकेशनचं दुकान. शाळा चौथीपर्यंत. गेट, खिडक्या, ट्रॉल्या, सगळं मी फरशीवर खडूनं आखून केलं. मग सून आली, मंदा. डिप्लोमा झालेली. तिनं खडूच्या जागी कॉम्प्युटर आणला. त्यातही आधी नुसत्या रेघाच होत्या. माप चुकलं की मी म्हणायचो, "मंदा, आकडा बदल, रेघ राहू दे." ती आकडा बदलून कागद काढायची आणि वेल्डर आकडा वाचून लोखंड कापायचा. रेघ आखूड आहे का लांब, कोण पाहतो?

मग तिनं नवीन सॉफ्टवेअर घेतलं. त्यात रेघा नाहीत, अख्खी वस्तूच उभी राहते. खालून पाहा, मागून पाहा, फिरवून पाहा! आणि लोखंड कापायला वेल्डर नको. फाईल पाठवली की खामगावचं मशीन कापून देतं.

"बाबा, यात मापं एकमेकाले बांधलेली असतात," ती म्हणाली. "लांबी बदलली का रुंदी, उंची, सारंच त्या हिशोबानं बदलते. एकदा बनवलं का लहान-मोठं कोणत्याही गावाले देता येते."

"हाव," मी म्हणालो.

काय कळलं मला? काहीच नाही. पण शिकलेल्या सुनेसमोर म्हातारा 'हाव'शिवाय काय म्हणणार?

आता सुखदेवचं सांगतो. माझा लहानपणापासूनचा मित्र. तो एवढा उंच की माझ्या दुकानात वाकून शिरायचा. मी हा असा. दोघं रस्त्यानं निघालो की लोक त्याला विचारत, "सुखदेवभाऊ, लेकराले कुठं घेऊन चालले?"

गावच्या स्मशानातला सरणाचा जुना लोखंडी ढाचा आखूड होता. सुखदेवचा मोठा भाऊ गेला, तोही असाच उंच, तेव्हा त्याचे पाय बाहेर राहिले. लोकांनी ते बांबूनं आत ढकलले. सुखदेव तिथंच उभा होता. ते काही त्याच्या मनातून गेलं नाही.

नवा ढाचा करायचं काम गावानं मला दिलं, तोवर सुखदेवला डॉक्टरनं 'आता घरीच सांभाळा' म्हणून परत पाठवलं होतं. तो काठी टेकत दुकानात आला आणि सरळ फरशीवर आडवा झाला.

"घे खडू. काढ माप."

"काऊन बे, येडा झाला का?"

"भावासारखा माह्या पायाले बांबू लागू देऊ नको. काढ."

मी एक रेघ त्याच्या डोक्याशी ओढली, एक पायाशी. दुसरी जरा वाकडी गेली. तो खालून म्हणतो, "सरळ ओढ ना बे बुटक्या. मरायच्या आधी मले वाकडं करतं का?"

मंदानं ढाचा सात फुटांचा धरला. भरपूर होईल, म्हणाली. पण मी त्या खडूच्या रेघांकडे पाहिलं की मला बांबूच दिसायचा. ती दोन दिवस जळगाव जामोदला माहेरी गेली तेव्हा मी कॉम्प्युटरपुढे बसलो. साताचे नऊ केले. चित्र जरासं लुकलुकलं आणि पडद्यावर होतं तेवढंच राहिलं.

पाहा! नुसता आकडाच तर बदलला! जुन्यासारखंच आहे की हे. पोरगी उगाच कौतुक सांगते.

परत आल्यावर तिनं फाईल तशीच खामगावला पाठवली. सासऱ्यानं फाईलला हात लावला असेल, हे तिच्या मनात यावं तरी कसं?

तुकडे कापून आले, त्याच सकाळी सुखदेव गेला.

रडायलाही सवड नव्हती. वेल्डरनं भराभर जोडलं आणि माणसांनी ढाचा उभा केला. तो माझ्या हनुवटीला लागला. रुंदी बैलगाडीएवढी.

"मंदा, हे असं काऊन झालं वं?"

तिनं कॉम्प्युटर उघडला. नऊ पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, तुम्ही हात लावला?"

"लांबीलेच लावला फक्त..."

"साऱ्या मापाइले लांबीलेच बांधलं होतं ना, बाबा! वस्तू केवढीही वाढो, पडदा आपल्यात मावेल तेवढीच दाखवते!"

खालून कापून घेऊ म्हटलं, तर लाईन गेली. तिकडे तिरडी निघाली होती. तसाच नेला.

त्यावर लाकडं रचली तर सरण माणसाच्या डोक्यावर गेलं. सुखदेवला वर घ्यायला माणसं लाकडं आणलेल्या ट्रॉलीवर चढली. कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "शिडी आणा बे." एकजण फिसकन हसला आणि मग तोंड फिरवून रडायला लागला. मी कुठं पाहू?

"शेवटचं तोंड पाहून घ्या," म्हणाले. सगळ्यांनी टाचा उचलून पाहिलं. मी कितीही टाचा उचलल्या तरी समोर लाकूडच. सुखदेवचा मुलगा गणेश, बापासारखाच उंच, माझ्याजवळ आला.

"काका, इकडे या."

आणि भर स्मशानात त्यानं माझ्या काखेत हात घालून मला लेकरासारखं वर उचललं.

पाय आत होते. पुढं दोन हात जागा उरली होती.

"दिसलं का, काका?"

"दिसलं. पण जरासा थांब, बापू."

तो थांबला. हात भरून आले असतील त्याचे.

त्यानंतर कितीतरी दिवस गेले. मग एकदा मंदा हळूच म्हणाली, "बाबा, तो ढाचा नीट करू. लांबी किती टाकू?"

"माही टाक," मी म्हणालो. "बाकी सारं आपोआप बुटकं होईन."

ती हसली नाही. मी तिच्या हातात खडू दिला, सुखदेवच्या डोक्याच्या रेघेला डोकं लावलं आणि फरशीवर आडवा झालो.

माझे पाय कुठवर पोचले, ते मात्र विचारू नका.