परत न गेलेली पाठराखीण

पंधरा वर्षं मी हिंगोलीच्या महाविद्यालयात इतिहास शिकवतो. त्याआधी वार्ताहर होतो. संशोधनाचा विषय एकच: निजामाच्या राज्यातली गुलामी आणि ती बंद झाल्याचे हुकूम. हुकूम सापडतात. ज्यांच्यासाठी ते निघाले, त्यांचं म्हणणं सापडत नाही. प्रकाशकाच्या परीक्षकांनी माझं पुस्तक दोनदा परत पाठवलं. शेरा तोच: गावातली एकही साक्ष नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका खेड्यात साक्ष मिळाली. म्हातारी नव्वदीच्या आसपासची. सासरी निघालेल्या नवरीसोबत पाठराखीण म्हणून एखादी मुलगी धाडतात, आठ-पंधरा दिवसांत ती परतते. ही आठ-नऊ वर्षांची असताना एका जमीनदार घरातल्या नवरीसोबत बैलगाडीतून आली आणि परत गेलीच नाही. न्यायला कोणी आलं नाही, पोचवायला कोणी गेलं नाही. शेण, पाणी, दळण, बाळंतपणं. मजुरी नाही. तिचं लग्नही त्या घरानंच आपल्या गड्याशी लावून दिलं. चार बैठकांत तिनं हे सांगितलं, मी फोनवर रेकॉर्ड केलं.

ज्याच्या तोंडचं छापायचं त्याला आधी वाचून दाखवायचं, ही वार्ताहराची शिस्त मी सोडलेली नाही. तिच्यावर लिहिलेलं पुस्तकातलं प्रकरण घेऊन गेलो. तिचा मुलगाही ऐकायला बसला. ‘गुलाम’ शब्द आला तसा त्यानं हात वर केला.

“थांबा सर. हे काहून लिहून राहिले तुमी? माझ्या पोरीची सोयरीक जमून राहिली. त्या लोकायनं वाचलं मंग?”

“नाव घालणार नाही. गावाचंही नाही.”

“पाठराखीण आली अन् इथंच राहिली, अशी साऱ्या तालुक्यात एकच बाई हाय. नाव काढून काय व्हतं?”

“गुलाम म्हनू नको बाबा,” म्हातारी मला म्हणाली. “मालकायच्या घरी लगीन निघालं की पहिलं लुगडं मला देतेत.”

“अन् दुसऱ्या दिवशी भांड्याला बोलवतेत,” मुलगा म्हणाला.

“मंग? लुगडं काय बसून राहायला देतेत?”

मी शब्द बदलायला तयार झालो. ‘आश्रित’ म्हटलं. ते खोटं होतं, आणि मुलाला तेही नको होतं. त्याला रेकॉर्डिंग पुसून हवं होतं, समोर. जमीनदारांनी दप्तर दाखवलं नाही तेव्हा मी भांडलो होतो. इथं कोणाशी भांडायचं?

म्हातारीनं स्वतःचा आवाज कधी ऐकला नव्हता. “पुसायच्या आधी एकडाव लाव,” ती म्हणाली.

लावलं.

“रोज गाडीवाटेकडं पाहाचे. माय येईल वाटे. मालकीनबाई म्हनल्या, तुजी माय कामात असंल. मंग पाहाचं सोडलं.”

मुलगा जमिनीकडे बघत ऐकत होता. गाडीवाटेचं त्याला आईनं कधी सांगितलं नव्हतं. आता तो राहू द्या म्हणेल, असं मला वाटलं.

“बराबर हाय सारं,” तो म्हणाला. “पुसा.”

मी म्हातारीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. मी पुसलं आणि प्रकरणाची छापील प्रत मुलाच्या हातात दिली.

ते प्रकरण वगळून पुस्तक तिसऱ्यांदा पाठवलं आहे. सोबतच्या पत्रात लिहिलं, ‘साक्ष उपलब्ध झाली नाही.’ वार्ताहर असताना असं वाक्य मी कधी लिहिलं नव्हतं.