पाचव्या खिळ्यावरचा पेला

अरविंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंडईत सुरणाच्या भावावरून हुज्जत घालत होतो. फोन खिशात टाकला आणि भाजीवाला म्हणाला तेवढे पैसे मुकाट्याने दिले. "साहेब, बरं नाही का?" त्याने विचारलं. त्या फोनला आता दीड महिना झाला...

सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत अरविंदने आणि मी कंपनी काढली होती. मी गिऱ्हाईक आणायचो, तो प्रोग्रॅम लिहायचा. दूध संकलन केंद्रांवर पावती छापणारं आमचं यंत्र. त्याची मेमरी अगदी इवलीशी. अरविंदची पद्धत ठरलेली. यंत्र सुरू होताच मेमरीचे सारख्या मापाचे चौसष्ट तुकडे पाडायचे. पावतीला एक तुकडा घ्यायचा, काम झालं की परत ठेवायचा. ऐनवेळी नवीन काही मागायचं नाही. मला समजावं म्हणून त्याने भिंतीवर बारा खिळे ठोकून स्टीलचे बारा पेले अडकवले. चहा झाला की ज्याने त्याने पेला धुऊन परत लावायचा.

"आणि तेरावा माणूस आला तर?"

"थांबेल. पुण्यात आलाय, सवय होईल."

पुढे एका डेअरीने मागणी केली की मध्येच कागद संपला तर पावती रद्द व्हावी. शनिवारपर्यंत देतो, असा शब्द मी देऊन बसलो. अरविंद गावाला गेलेला. त्यानेच शिकवलेल्या जुजबी प्रोग्रॅमिंगच्या जोरावर मी चार ओळी लिहून टाकल्या आणि त्याला सांगितलं नाही. काही आठवड्यांत ऐन सकाळी, कॅन घेऊन माणसं रांगेत उभी असताना, यंत्रं बंद पडू लागली. डेअरीचे साहेब ऑफिसात येऊन बसले. त्यांच्यासमोर मी अरविंदवर ओरडलो, "तुझ्या या पेल्यांच्या खेळाने माझी अब्रू गेली! ठोक अजून शंभर खिळे!"

त्याने उरलेला चहा संपवला, पेला धुतला, पाचव्या खिळ्यावर लावला आणि गेला. परत आला नाही.

अडचणीत सोडून गेला, हा राग मी वर्षानुवर्षं जपला, चारचौघांत बोलून दाखवला. खरं तर तो सोडून गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात मला चूक सापडली होती. माझ्याच ओळींत. पावती रद्द व्हायची, पण तिचा तुकडा परत ठेवायला मी विसरलो होतो. यंत्रं रात्रंदिवस चालूच असायची; चौसष्ट वेळा कागद संपला की यंत्राकडे एकही तुकडा उरायचा नाही. मी एक ओळ वाढवली, यंत्रं सुरळीत चालू लागली. डेअरीला म्हणालो, "दुरुस्त केलं." चूक कोणाची, ते नाही सांगितलं. अरविंदलाही नाही.

तेराव्यानंतर वाघोलीला त्याच्या घरी गेलो. सांगायला तोंड उघडलं, तर वहिनींनीच थांबवलं.

"त्यांना माहीत होतं, भाऊजी. त्या दिवशी घरी आल्या आल्या त्यांनी कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम उघडून तुमच्या ओळी पाहिल्या. म्हणाले, त्यालाच सापडू दे. सापडलं की फोन करेल."

"मग?"

"मग काय... फोनचा नंबर बदलू या म्हटलं, की नको म्हणायचे."

पाचव्या खिळ्यावरच्या पेल्याला मी इतकी वर्षं कोणाला हात लावू दिला नव्हता. नवीन मुलांनी विचारलं की अंगावर जायचो. वाघोलीहून आलो, सगळ्यांना बोलावलं आणि त्या शनिवारच्या माझ्या ओळी दाखवल्या. कोणाच्या, तेही सांगितलं. मग पेला धुऊन लावला. आता तो कोणीही घेतं. दुपारी पाचवा खिळा रिकामा दिसतो... संध्याकाळपर्यंत पेला परत आलेला असतो.