पूजेवरचा पाना

आमच्या घरात माणसांना हत्यारांची नावं होती, आणि ती ठेवण्याचा हक्क फक्त बाबांचा. माझे बाबा जानराव भिलाईतल्या सुपेल्याच्या एका वर्कशॉपात फिटर होते. दिवसभर पाने, पकडी, छन्न्या यांच्या संगतीत राहायचं आणि संध्याकाळी घरी येऊन त्याच शब्दांत माणसं जोखायची, ही त्यांची सवय. माझा मोठा मामा म्हणजे कानस. आवाज चढवून कधी बोलणार नाही, पण शेजारी येऊन बसला की माणूस झिजून अर्धा होतो. समोरच्या घरातली बाई म्हणजे गिरमिट, कुठंही भोक पाडून आत शिरणारी. लहानपणी मी पाचर होते, कारण दोन मोठी माणसं बोलत असली की मी मधेच घुसायचे. आईला मात्र त्यांनी काही नाव ठेवलं नव्हतं. ती एकदा भांडणात म्हणाली होती की जिभेवर जरा रंधा फिरवा, फार खरखरीत झाली आहे. तेव्हापासून तिच्या वाटेला ते जात नसत.

पुढे मला दुर्गला दातांच्या दवाखान्यात मदतनिसाचं काम मिळालं. पहिल्या दिवशी घरी येऊन मी तिथल्या वस्तूंचं वर्णन केलं, तर बाबा खुशीत येऊन एकेकाची ओळख पटवायला लागले. ही पक्कड, ही छन्नी, ही बारकी कानस, आणि ते घूं करतं ते गिरमिट. "म्हंजे तू बी फिटरच झाली," ते म्हणाले. मी म्हटलं, फरक आहे, आमची हत्यारं प्रत्येक पेशंटनंतर उकळून काढतात. त्यावर ते पोट धरून हसले. हत्यार उकळायचं म्हणजे काय भाजी आहे का, असं त्यांचं म्हणणं.

आजोबा भंडाऱ्याकडून स्टील प्लांटच्या नोकरीसाठी भिलाईला आले होते. बाबा काम शिकले तेव्हा आजोबांनी पावर हाउस बाजारातल्या एका भंगारवाल्याकडून त्यांना एक मोठा पाना घेऊन दिला. कोपरापासून बोटांपर्यंत लांब, काळा, आणि इतका जड की मला तो दोन्ही हातांनी उचलावा लागायचा. वर्कशॉपातली बाकीची हत्यारं मालकाची, हा पाना बाबांचा स्वतःचा. एखादा गंजलेला नट कुणाच्यानं हलला नाही की जानरावला आणि त्याच्या पान्याला बोलावणं यायचं. मालकाला सगळे भय्याजी म्हणत. भय्याजी गिऱ्हाइकांसमोर बाबांच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे की हा माझा उजवा हात आहे. मला ते ऐकून अभिमान वाटायचा. आता त्या अभिमानाची लाज वाटते.

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा येते. भिलाईत हा दिवस सगळीकडे असतो, प्लांटमध्ये, गॅरेजात, अगदी ऑटोस्टँडवरसुद्धा. बाबांच्या गल्लीत प्रत्येक वर्कशॉपात मातीची मूर्ती बसते. तिच्यासमोर लाल कपड्यावर सगळी हत्यारं मांडतात, त्यांना कुंकू लावतात, लाल धाग्यानं एकत्र बांधतात. दुसऱ्या दिवशी मूर्ती शिवनाथ नदीत विसर्जित होईपर्यंत त्या हत्यारांना कुणी हात लावायचा नाही, असा रिवाज आहे. आम्ही बौद्ध. बाबा कुठल्याच मूर्तीला हात जोडत नाहीत. भय्याजींचं आणि त्यांचं यावर कधी बोलणं झालं नाही, पण एक पद्धत पडून गेली होती. आदल्या दिवशी बाबा सगळी हत्यारं रॉकेलनं पुसायचे, तेल लावायचे आणि मापाप्रमाणे लाल कपड्यावर मांडून द्यायचे. मधोमध त्यांचा पाना, कारण तो सगळ्यांत मोठा. पूजेच्या दिवशी धुतलेले कपडे घालून जायचे, पायांत चपला तशाच ठेवून शटरपाशी बाहेर उभे राहायचे, बुंदी खायचे आणि घरी यायचे.

मला याचा राग यायचा. मी एकदा विचारलं की पूजा करत नाही, तर आपला पाना कशाला देता?

"पाना कोनाले हात जोडत नाई, मी बी नाई जोडत," ते म्हणाले. "ठेवला तं ठेवला."

दोन वर्षांपूर्वीच्या पूजेला भय्याजींनी पत्रा वाकवायची नवी मशीन आणली होती. लोखंडाचे दोन जाड रोलर, त्यांच्यामधून पत्रा गेला की गोल होऊन बाहेर निघतो. आरतीच्या आधी एक पत्रा घालून मुहूर्त करायचा ठरला. मान मिळाला हिरालालला. हा भय्याजींच्या बायकोचा भाऊ, त्यांच्याच घरी राहणारा आणि वर्कशॉपावर नजर ठेवणारा. मशीनला झेंडूची भलीमोठी माळ घातलेली होती. पत्रा सरकला, त्याच्याबरोबर माळ ओढली गेली, ती सोडवायला हिरालालनं हात घातला आणि बोटं रोलरमध्ये गेली.

पुढचं मी बाबांकडून ऐकलं आहे, तेही एकदाच. कुणीतरी लगेच बटण बंद केलं. मशीन थांबली, पण बोटं आत अडकलेली. वरचा रोलर दोन मोठ्या नटांनी दाबून धरलेला असतो, ते ढिले केल्याशिवाय तो केसभरही उठत नाही. आणि सगळे पाने देवापुढे लाल कपड्यावर, धाग्यानं बांधलेले, वर अक्षता. पूजा सांगणाऱ्या महाराजांचा मंत्र अर्ध्यावर थांबलेला. हिरालाल किंचाळत होता आणि लोक पूजेकडे बघत होते, मग एकमेकांकडे, मग भय्याजींकडे. हात लावू नका असं कुणी म्हणालं नाही. हात कुणी लावलाही नाही. भय्याजी ओरडले की शेजारून पाना आणा. दोघं पळत गेले. पण शेजारच्याचे पानेही पूजेवर होते, त्याच्या पलीकडच्याचेही, गल्लीच्या टोकापर्यंत तेच. अख्खी गल्ली हत्यारांनी भरलेली आणि दोन नट ढिले करायला एक पाना मिळेना. दोघं रिकाम्या हातांनी परत आले.

तेव्हा बाबा शटरपासून आत आले. चपलांसकट लाल कपड्यावर चढले, धागा तोडला आणि आपला पाना उचलला.

नट सुटले, रोलर उठला, हात बाहेर निघाला. बाबांनी आपल्या गमछ्यात तो हात बांधला आणि हिरालालला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाचलं नाही. डॉक्टरांनी दोघांसमोर सांगितलं की आणखी थोडा वेळ दाबलेला राहिला असता तर पूर्ण पंजा काढावा लागला असता. हिरालाल शुद्धीवर होता. त्यानं डाव्या हातानं बाबांचा हात घट्ट धरला आणि तो रडला. बाबा रक्ताळलेल्या शर्टानं घरी आले, आईला म्हणाले की दोन बोटं गेली पण हात राहिला, आणि पोटभर जेवले. मला ते जेवण आठवतं. इतक्या समाधानानं जेवताना मी त्यांना पुन्हा पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले तोवर गल्लीत सगळी गोष्ट रचून तयार होती, खिळे ठोकून, टोकं वाकवून. जानराव चपला घालून पूजेवर चढला, म्हणून देवानं हिरालालची बोटं नेली. बोटं आधी चिरडली होती आणि बाबा नंतर चढले होते, या क्रमाशी कुणाला देणंघेणं नव्हतं. चहाच्या टपरीवर त्यांच्या बाजूचा माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसला.

भय्याजींनी त्यांना आत बोलावलं. अगदी गोड बोलले. म्हणाले, मी असल्या गोष्टी मानत नाही, पण बाकीची माणसं घाबरली आहेत, गिऱ्हाइकं विचारतात. तू एक कर, नारळ घेऊन ये, महाराजांसमोर, सगळ्यांसमोर देवाला डोकं टेकव आणि माझी चूक झाली म्हण. मग काम पहिल्यासारखं चालू. यात मेख कुठे होती ते बाबांना लगेच कळलं. त्यांनी फक्त आपला पाना मागितला. तेव्हा कळलं की तो बाटला म्हणून सकाळीच मूर्तीबरोबर शिवनाथेत सोडून दिला. भय्याजी म्हणाले, त्यात काय, मी नवीन घेऊन देईन.

मला हे लिहितानाही संताप येतो. वर्षभर त्या हातानं ती हत्यारं चालवली. आदल्या दिवशी त्याच हातानं ती पुसून, तेल लावून देवापुढे मांडून दिली. तोवर हात चालत होता. एका माणसाला सोडवायला उचलला तेव्हा तो बाटवणारा झाला. आमच्या दवाखान्यात रक्त लागलेली पक्कड पाण्यात उकळली की शुद्ध होते, मग ती कुणीही धरलेली असो. भय्याजींच्या वर्कशॉपात बाबांचा हात शुद्ध होईल असं पाणी नव्हतं. त्यांची नदीसुद्धा पाना घेऊन गेली.

आई घाबरली होती. ती म्हणाली, "नारळच तं फोडाचा हाय. इतके वर्स काम केलं तिथं. देव का तुमाले खाऊन टाकनार हाय?"

बाबा भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"नारळ फोडला तं हिरालालची बोटं मीनं तोडली, असं होते," ते म्हणाले.

त्यानंतर आईनं तो विषय काढला नाही. बाबा कामावर गेले नाहीत, पण काम सोडलं असंही म्हणाले नाहीत. ते एका गोष्टीची वाट बघत होते. हिरालाल दवाखान्यातून सुटेल. डॉक्टर काय म्हणाले ते त्यानं कानांनी ऐकलं आहे. तो गल्लीत उभा राहून खरं काय ते सांगेल आणि हा बोभाटा मिटेल. त्यांची त्याच्यावर पक्की खात्री होती. हिरालाल सुटला, हाताला पट्टी बांधून वर्कशॉपाच्या काउंटरवर बसायला लागला. एकदा मी तिथून जाताना त्यानं मला बघितलं आणि रजिस्टरात डोकं घातलं. थोड्याच दिवसांत बाबांच्या जागी दुसरा फिटर लागला.

आता बाबा सायकलला पिशवी अडकवून फिरतात. कॅम्पातल्या वस्त्यांत, प्लांटच्या सेक्टरांत, कुणाचा नळ गळतो, कुणाच्या गेटची बिजागरी निखळते, कुणाची पाण्याची मोटर अडते. रोलरचे नट उघडणारा हात आता नळाचे वायसर बदलतो. काम वाईट नाही, पोट भरतं. पण घरात माणसांना नावं ठेवणं त्यांनी बंद केलं. मोठा मामा येऊन त्यांच्या शेजारी बसायचा, हळू आवाजात सुनावायचा की जरा वाकलं असतं तर काय बिघडलं असतं. बाबा ऐकून घ्यायचे. मामा गेल्यावर 'कानस' हा शब्दही त्यांच्या तोंडातून निघायचा नाही. त्यांच्या बोलण्याची धारच गेली, आणि हिरालालच्या बोटांपेक्षा मला त्याचं दुःख जास्त आहे. असं म्हणणं निर्दयपणाचं वाटत असेल तर वाटो.

यंदा पूजेला चार-सहा दिवस असताना हिरालाल आमच्या घरी आला. नजर जमिनीवर ठेवून त्यानं निरोप सांगितला. त्याच मशीनचा वरचा रोलर अडला आहे. दुर्गजवळच्या रसमड्याचा मेकॅनिक बघून गेला, त्याच्यानं झालं नाही. भय्याजी म्हणतात, जानरावला म्हणावं, झालं गेलं विसर आणि ये. आईनं त्याला चहा दिला. त्यानं कप उजव्या हातानं धरला, अंगठा आणि दोन बोटांनी. बाबा बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिले. थंडीत ठणकतो का, एवढं त्यांनी विचारलं. तो हो म्हणाला. मग बाबा त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलले.

"डॉक्टर ने क्या बोला था, याद है?"

"याद है, दादा. आप नहीं होते तो पूरा हाथ जाता."

"ये बात वहाँ बोलेगा? सबके सामने?"

हिरालाल कप फिरवत राहिला. मी दारात उभी होते. मला वाटत होतं की यानं निदान खोटं तरी हो म्हणावं. शेवटी तो पुटपुटला की मी बहिणीच्या घरी राहतो, भय्याजींचं खातो, तुम्ही समजून घ्या. बाबांनी समजून घेतलं. मी नाही घेतलं, आणि घेणारही नाही.

"चाय पी ले और जा," बाबा म्हणाले.

तो गेल्यावर आई कप विसळायला घेऊन गेली.  मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा बाबांच्या तोंडून ती जुनी हत्यारांची बोली निघाली.

"नट उघडाले पाना होता माह्याजवळ," ते म्हणाले. "तोंड उघडाचा पाना कोनाजवळच नाई."

पूजेच्या दिवशी मी दुर्गला कामावर जात होते. सुपेल्यात गर्दीमुळे ऑटो नेमका त्या गल्लीच्या तोंडाशी अडला. भय्याजींचं वर्कशॉप तिथून समोरच दिसतं. मूर्ती बसली होती, लाल कपड्यावर हत्यारं कशीतरी टाकल्यासारखी मांडली होती, मधोमध एक नवाकोरा चकचकीत पाना. आरती चालू होती. भय्याजी डोळे मिटून हात जोडून उभे होते आणि आरतीचं ताट हिरालालच्या हातात होतं. तीन बोटांनी त्यानं ते चांगलं घट्ट धरलं होतं, ज्योतसुद्धा हलत नव्हती. शटरपाशी कुणी उभं नव्हतं.