हळद लावलेला पाय

दुपारच्या एसटीआधी द्वारकामावशींना त्यांचा पाय हवा होता, आणि मी नाही म्हणाले.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. शहापूरला कृत्रिम पाय दुरुस्त करणाऱ्या एका केंद्रात मी टेक्निशियन होते. मावशींचा पाय गुडघ्याखालचा. सॉकेटला, म्हणजे उरलेला पाय ज्या पेल्यात बसतो त्याला, तडा गेला होता. मी तो घासून मोकळा केला आणि वर फायबरची जाळी लावून रेझिन भरलं. रेझिन हार्डनर मिसळलं की घट्ट होतं. हाताला लवकर कडक लागतं, पण पूर्ण ताकद सावकाश येते. त्याला क्युअरिंग म्हणतात.

मावशी धवलेरी. किन्हवलीकडे धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाऊन लग्नं लावायच्या. दुसऱ्या दिवशी लग्न होतं.

"बाई, मी मांडवात उभी नाय रायले, त ते दुसरीला बोलवतील. मंग मना परत कोन बोलवतं?"

सोबत भाचा होता, गॅरेजमध्ये फुटके बंपर जोडणारा. तो म्हणाला, "मॅडम, हार्डनर डबल टाका. आमी तेच करतो."

"बंपरवर उभं राहून कोणी गाणी म्हणत नाही," मी म्हटलं. जादा हार्डनरने रेझिन तापतं, ठिसूळ होतं. कच्चं राहिलं तर कातडीला फोड येतात.

मावशींनी नखाने दाबून पाहिलं. कडक होतं. मी सॉकेट त्यांच्या नाकाशी धरलं. उग्र वास होता, म्हणजे आतून अजून कच्चं. तो जाईपर्यंत पाय मिळणार नव्हता.

शेवटी असं ठरलं, की संध्याकाळच्या हळदीला मावशींनी कुबड्यांवर जावं, तिथे बसून गाता येतं. पाय सकाळच्या पहिल्या एसटीने येईल.

"आनि नाय आला त?"

"माझं नाव सांगा."

"तुमच्या नावानं लगीन लागत नाय, बाई."

सकाळी वास गेला होता. ठोकल्यावर आवाज भरीव आला. मी सॉकेटवर सगळा भार टाकून पाहिला, पाय गोधडीत गुंडाळला आणि स्टँडवर कंडक्टरच्या हाती दिला. त्याने विचारलं, हाफ तिकीट की फुल? मला हसू आलं नाही. दिवसभर काही निरोपही नव्हता.

दोन-तीन दिवसांनी मावशी चालत आल्या. लग्न त्यांनीच लावलं होतं, शेवटपर्यंत उभं राहून. पाय काढला तर सॉकेट पिवळंधमक. आदल्या संध्याकाळी पाय हळदीला नव्हता, म्हणून मांडवातल्या बायकांनी चढवण्याआधी त्यालाही हळद फासली होती. मी आधी जोड शोधला. कच्च्या रेझिनमध्ये रंग शिरतो.

ओल्या फडक्याने पुसलं. जोड स्वच्छ निघाला. पिवळा राहिला तो फक्त पाय बांधायचा चामड्याचा पट्टा.

"आवाज नाय फाटला, पाय पन नाय," मावशी म्हणाल्या.

त्यानंतर घाईचं गिऱ्हाईक आलं की मी एवढंच सांगायचे: रेझिनला लग्नाची तारीख कळत नाही. तुम्हाला कळते, तर आठवडाभर आधी या.